वाङ्निश्चय : शब्द कोणाचा आणि होकार कोणाचा?

विवाह जुळविण्याच्या कामीं मराठी भाषेंत जे शब्द रूढ आहेत, ते एके ठिकाणीं मांडून पाहिले तर एक मौजेची गोष्ट ध्यानांत येते. प्रथम कोणी मध्यस्थ 'शब्द टाकतो'. मग 'मागणी घालतात'. पुढें दोन्ही पक्ष 'बोलणीं' करावयास बसतात. त्यांत 'देण्याघेण्याचें बोलणें' होतें. मग 'होकार' येतो व 'शब्द' दिला जातो. दुर्दैवानें पुढें कांहीं बिघडलें, तर लोक 'शब्द मोडला' असें म्हणतात. सोनें, वस्त्र, नारळ, साखर हीं या व्यवहारांत असतातच. पण व्यवहाराच्या पायऱ्यांचीं नांवें मात्र बहुतेक जिभेशीं बांधलेलीं आहेत. ज्या विधीनें हें सर्व पक्कें होतें त्याचें शास्त्रीय नांवहि वाङ्निश्चय, म्हणजे वाणीनें केलेला निश्चय. साखरपुडा हें त्याचें घरगुती आणि गोड नांव.

या सदराच्या एका वाचकभगिनीनें आम्हांस नुकतेंच विचारलें आहे कीं, "चिरंजीवांच्या साखरपुड्याला दालन तीनच तास मिळालें आहे. आंगठ्या घालणें, केक कापणें आणि छायाचित्रें यांतच दोन तास जातील. तेव्हां गुरुजींचा संस्कृत भाग वगळला तर चालेल काय? नाहीं तरी तो कोणास कळतो?" प्रश्न सरळ आहे, आणि शेवटचें वाक्य तर आमच्यासारख्या संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या मास्तरास टोंचणारें आहे. परंतु त्यांत राग येण्यासारखें कांहीं नाहीं. जें कळत नाहीं तें लोक टाकून देणारच. म्हणून 'चालेल' कीं 'चालणार नाहीं' हें सांगण्यापूर्वीं, त्या अर्ध्या तासांत बोललें जातें तरी काय, हें प्रथम पाहूं.

गणपतिपूजन व वरुणपूजन, म्हणजे जलपूर्ण कलशाचें पूजन, झाल्यावर दोघे व्याही समोरासमोर पाटांवर बसतात. कन्येच्या हातून शचीचें म्हणजे इंद्राणीचें पूजन करवितात. हळकुंडें व सुपाऱ्या यांची देवघेव होते, मुलीची ओटी भरतात, साखरेचा पुडा तिच्या हातांत देतात. हा सर्व सोहळा डोळ्यांना दिसणारा. पण विधीचा गाभा आहे तो दोन-तीन वाक्यांत. कन्येचा पिता वराचें गोत्र व प्रवर उच्चारून म्हणतो कीं, अमक्याचा पणतू, अमक्याचा नातू, अमक्याचा पुत्र असा जो हा अमुक नांवाचा वर, त्यास, अमक्याची पणती, अमक्याची नात, अमक्याची कन्या अशी ही अमुक नांवाची मुलगी, ज्योतिषी सांगतील त्या मुहूर्तावर देईन, असें वाणीनें देतों. या एका वाक्यांत क्रियापदें दोन आहेत आणि त्यांचे काळ निरनिराळे आहेत. 'देईन' हें भविष्यकाळचें. 'वाणीनें देतों' हें वर्तमानकाळचें. कन्यादान पुढें व्हावयाचें आहे, शब्द मात्र आतां, चार माणसांसमक्ष, देऊन झाला. वाग्दान म्हणजे काय हें सांगण्यास याहून अधिक व्याकरण लागत नाहीं.

यानंतर कन्येचा पिता म्हणतो कीं, माझी कन्या मीं वाणीनें दिली, ती तुम्हीं पुत्रासाठीं पत्करली, तुमचें वधू पाहण्याचें काम संपलें, आतां सुखी असा. वराचा पिताहि तेंच वाक्य फिरवून म्हणतो : तुम्हीं दिली, मीं पत्करली, तुमचें वर पाहण्याचें काम संपलें, सुखी असा. ज्यांनीं मुलीसाठीं स्थळें पाहत पायऱ्या झिजविल्या आहेत, त्यांना या 'सुखी असा' चें मोल निराळें सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट बहुतेकांस ठाऊक नसते. हें वचन बिनशर्त नाहीं. प्रयोगग्रंथांत कन्येच्या पित्याच्या तोंडीं असेंहि घातलें आहे कीं, वर व्यंगरहित, अपतित, पुरुषत्वयुक्त आणि दहा दोषांपासून मुक्त असेल तर, देव, अग्नि व द्विज यांच्या सन्निध ही कन्या देईन. म्हणजे ज्या पित्यास आपण समाजांत वरपक्षापुढें हात जोडून उभा असलेला पाहतों, तोच विधीच्या भाषेंत अटी घालीत असतो. संस्कृत कळत नसल्यामुळें ही अट गुरुजींच्या ओठांवरून वाहून जाते, आणि वधूपित्याचा ताठ कणा कोणाच्या नजरेस पडत नाहीं.

या विधीचें मूळ फार जुनें आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील पंचाऐंशीव्या सूक्तांत सूर्येच्या विवाहाचें वर्णन आहे. वर सोम, पण मागणी घालावयास गेले ते अश्विनीकुमार. वरानें स्वतः न जातां आपल्यातर्फे बोलणारे पाठवावे, ही चाल तेव्हांपासूनची. मागणीस जाणाऱ्यांचे मार्ग सरळ व निष्कंटक असोत, अशी प्रार्थना त्याच सूक्तांत आहे, आणि शांखायन गृह्यसूत्रानें ती मागणीकऱ्यांस निरोप देतांना म्हणण्यास सांगितली आहे. पुढें तें सूत्र सांगतें कीं, घरच्यांनीं पूर्वेकडे तोंड करून व आलेल्यांनीं पश्चिमेकडे तोंड करून, आपापल्या गोत्रांचीं नांवें घेत कन्येची मागणी करावी. आणि गोष्ट उभयतांस मानवली म्हणजे फुलें, लाह्या, फळें, जव व सोनें घातलेल्या पूर्णपात्रास स्पर्श करावा. आजचा वरुणकलश हा त्याच पूर्णपात्राचा वारस म्हणावयास हरकत नाहीं. समोरासमोर बसणें, नांवें घेणें, मागणें, मान्य करणें हा सांगाडा इतक्या शतकांत फारसा बदललेला नाहीं.

काव्यांत या प्रसंगाचें सर्वांत सुंदर चित्र कालिदासानें कुमारसंभवाच्या सहाव्या सर्गांत काढलें आहे. शंकर सप्तर्षींना हिमालयाकडे पाठवितो आणि सोबत अरुंधतीहि असते. कारण असल्या कामांत प्रौढ गृहिणींचें चातुर्य कामास येतें, असें कवीच सांगतो. हिमालय पाहुण्यांचें स्वागत करतांना आपल्या थोरवीचा एक शब्द काढीत नाहीं. मस्तकावर पडणाऱ्या गंगेनें व तुमच्या चरणोदकानें मी पावन झालों, असें म्हणतो. हा मी, ही माझी पत्नी, ही कुळाचा प्राण असलेली कन्या, यांपैकीं कोणाचें तुम्हांस काम आहे तें सांगा, असें विचारतो. मग सर्वांच्या वतीनें अंगिरस बोलतो. तें चाललें असतां पार्वती पित्याच्या बाजूस खालीं मान घालून हातांतल्या कमळाच्या पाकळ्या मोजीत असते. हिमालय होकार देण्यापूर्वीं मेनेच्या मुखाकडे पाहतो, कारण मुलीच्या बाबतींत गृहस्थ हे पत्नीच्या डोळ्यांनीं पाहतात. वाङ्निश्चयाच्या बैठकींत असावयाचें तें सर्व येथें आहे : दोन्हीकडची नम्रता, एक नेमलेला वक्ता, आईची संमति आणि ठरलेली तिथि. एक गोष्ट मात्र नाहीं, ती म्हणजे मुलीचा शब्द. पार्वतीनें पाकळ्या मोजल्या, तिच्या मनांतलें कवीस कळलें आणि वाचकांस कळलें. तिनें तर याच वरासाठीं तप केलें होतें, म्हणून तेथें चिंतेचें कारण नव्हतें. पण प्रत्येक घरांत कालिदास बसलेला नसतो, आणि खालीं घातलेल्या मानेचा अर्थ प्रत्येक वेळीं होकारच असतो असेंहि नाहीं. या गोष्टीकडे आम्ही पुढें वळूं.

दिलेल्या शब्दाचें वजन आपल्या शास्त्रकारांनीं किती मानलें होतें? मनूनें म्हटलें आहे कीं, वांटणी एकदां होते, कन्या एकदां दिली जाते, आणि 'देतों' हा शब्दहि एकदांच उच्चारला जातो. याज्ञवल्क्यानें, देऊं केलेली कन्या परत घेणारास दंड सांगितला आहे. शिवाय दुसऱ्या पक्षाचा झालेला खर्च त्यानें व्याजासह भरून द्यावा असें म्हटलें आहे. परंतु त्याच याज्ञवल्क्यानें असेंहि म्हटलें आहे कीं, अधिक चांगला वर आला तर दिलेली कन्याहि परत घ्यावी. वरवर पाहतां हा विरोध वाटतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळीं मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें तो असा सोडविला कीं, पहिला वर पातकी किंवा दुर्वर्तनी निघाला तरच ही मोकळीक, आणि तीहि सप्तपदीचें सातवें पाऊल पडण्यापूर्वीं. म्हणजे शब्दास मोल आहे, पण मुलीच्या जन्माहून तें मोठें नाहीं. आजचा कायदाहि याहून फार दूर गेलेला नाहीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याप्रमाणें, जेथें सप्तपदी रूढ आहे तेथें सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण होतो. वाङ्निश्चय म्हणजे विवाह नव्हे, आणि त्याच्या आधारावर कोणासहि बोहल्यावर चढण्याची सक्ती न्यायालय करीत नाहीं. ज्या घरांतून, "आतां साखरपुडा झाला, चार लोकांत नांव झालें, आतां मागें फिरतां येत नाहीं," असें म्हणून मुलीच्या शंका दाबल्या जातात, त्यांनीं निदान विज्ञानेश्वराचें तरी ऐकावें.

आतां थोडें आपल्या देशाबाहेर पाहूं. कारण घरची वस्तु कधीं कधीं शेजाऱ्याच्या अंगणांतून अधिक स्पष्ट दिसते. मलायी लोकांत मागणी घालण्याच्या क्रियेस 'मेमिनांग' म्हणतात. 'पिनांग' म्हणजे सुपारी. तेव्हां मागणी घालणें म्हणजे शब्दशः सुपारीचें काम! आपल्याकडे पुष्कळ समाजांत सोयरीक ठरली म्हणजे 'सुपारी फुटली' असें म्हणतात, त्याची येथें आठवण होते. वरपक्ष पानसुपारीचें तबक घेऊन येतो आणि थेट मुलगी मागत नाहीं; तुमच्या बागेंत एक फूल उमललें आहे असें ऐकलें, तें कोणी खुडून तर नेलें नाहीं ना, अशा वळणानें विचारतो. हें बोलणें 'पांतुन' नांवाच्या चार चरणांच्या पद्यांतून सवालजबाबासारखें चालतें. इंडोनेशिया व मलेशिया या दोन देशांच्या या पांतुनास युनेस्को संस्थेनें २०२० सालीं मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें. आमच्या वाचकांस ऐकून गंमत वाटेल कीं, मलायी भाषेंत नवऱ्याला 'सुआमी' व बायकोला 'इस्तेरी' म्हणतात. हे आपलेच 'स्वामी' आणि 'स्त्री' समुद्र ओलांडून तिकडे नांदावयास गेलेले आहेत.

याहूनहि लक्षांत ठेवण्यासारखें उदाहरण मादागास्कर बेटाचें. हें बेट आफ्रिकेच्या शेजारीं असलें तरी तेथील मालागासी भाषा मलायी भाषेच्याच मोठ्या कुळांतली आहे. तिची सर्वांत जवळची बहीण बोर्निओ बेटावर बोलली जाते. या लोकांत साध्या बोलण्यास 'रेसाका' म्हणतात आणि समारंभांतील बोलण्यास 'काबारी'. काबारी ही तेथें स्वतंत्र विद्या आहे. जन्म, मृत्यु, विवाह, राजकारण, कोणताहि प्रसंग तिच्यावांचून साजरा होत नाहीं. तिलाहि युनेस्कोनें २०२१ सालीं आपल्या यादींत घेतलें.

मागणीचा दिवस आला म्हणजे वरपक्ष आपला वक्ता घेऊन वधूच्या घरीं जातो. या वक्त्यास 'म्पिकाबारी' म्हणतात. तो घरचा वडीलधारा असतो, किंवा वाणीचा लौकिक असलेला म्हणून बाहेरून आणलेला असतो. वधूपक्षाचाहि असाच एक वक्ता असतो. वरपक्षाचा वक्ता उभा राहून प्रथम क्षमा मागतो : मी येथें बोलण्यास योग्य नाहीं, माझ्याहून वडील व शहाणे बसलेले आहेत, चूकभूल झाली तर दोष माझ्या माथीं नसावा. या दोषनिवारणाच्या भागाला स्वतंत्र नांव आहे, 'फिआलन्-त्सिनि'. मग अभिवादन, मग वधूपक्षाचा गौरव, मग म्हणींमागून म्हणी, आणि पुष्कळ वळणें घेत घेत शेवटीं मूळ मागणें. प्रत्येक टप्प्याला वधूपक्षाच्या वक्त्याची मान्यता लागते. क्रम चुकला, मान कमी पडला, म्हण भलत्या ठिकाणीं आली, तर वधूपक्ष हरकत घेतो आणि किरकोळ दंडहि मागतो. एलिनॉर ऑक्स नांवाच्या अमेरिकन विदुषीनें तेथील एका खेड्यांत राहून या बोलण्यांचा अभ्यास केला आणि १९७० नंतरच्या दशकांत तो प्रसिद्ध केला. तिनें दाखविलें कीं, नियम नेमके कोणते यावरूनच दोन वक्त्यांत हुज्जत चालते, आणि ही हुज्जत हाहि त्या समारंभाचा एक भागच असतो. सर्व मनासारखें झालें म्हणजे 'वोदिओन्द्री' दिली जाते. या शब्दाचा अर्थ मेंढराचा मागील भाग. वडिलधाऱ्यांना मानानें द्यावयाचा तो वांटा. आतां त्याऐवजीं बहुधा पैशाचें पाकीट देतात. आमच्या शाकाहारी वाचकांनीं नाक मुरडूं नये. मानपानाची कल्पना सगळीकडे सारखी, ताटांतला पदार्थ तेवढा निराळा.

हें सर्व पाहिल्यावर मनांत प्रश्न येतो कीं, मुलगी मागावयाची तर "मुलगी द्या" म्हणून मोकळें कां होऊं नये? एवढीं वळणें कशासाठीं? आमच्या मतें याचें उत्तर असें आहे. मागणें ही गोष्ट मोठी अवघड. तीहि दुसऱ्याच्या घरचें माणूस मागणें. मागणारा लहान होतो. नाकारणारा कठोर ठरतो. देणाऱ्याचें काळीज हलतें. सरळ शब्दांनीं या तिघांसहि जखम होण्याचा संभव. ठरलेल्या भाषेंत मात्र ज्याचा तो शब्द राहत नाहीं. "मी अयोग्य आहें" असें म्हणणारा म्पिकाबारी खरोखर अयोग्य नसतो, आणि हिमालय तर कोणाहूनहि लहान नव्हता. पण हें बोलण्याची रीत पडून गेली असल्यानें नम्र होण्यांत कोणाचा कमीपणा होत नाहीं. नेमलेला वक्ता असल्यामुळें रागाचे शब्दहि त्याच्याच अंगावर विरतात. आणि ज्या बोलण्यास इतका वेळ व इतके साक्षी लागतात, तें बोलणें सहज विसरतां येत नाहीं. लिहिलेला कागद पेटींत पडतो. पंचवीस माणसांनीं ऐकलेला शब्द पंचवीस घरीं जातो.

आपल्याकडेहि ही वळणाची भाषा होती व आहे. तिचें सर्वांत सभ्य रूप म्हणजे "पत्रिका जुळत नाहीं" हें वाक्य. मुलगी पसंत नाहीं, घर पसंत नाहीं, पगार कमी वाटला, कांहींहि कारण असो. वधूच्या किंवा वराच्या आईबापांस तें न सांगतां सर्व भार ग्रहांवर टाकावयाचा. शनिमंगळांनीं आजवर महाराष्ट्रांतल्या किती मुलींचीं मनें राखलीं असतील याचा हिशेब नाहीं. हें वाक्य खोटें असतें हें ऐकणारासहि ठाऊक असतें. तरी तो तें स्वीकारतो आणि दोन्ही घरें पुढेंमागें एकमेकांच्या पंगतीस बसूं शकतात. आजकाल मोबाइलवर एक ओळ पाठवून, किंवा कांहींच न कळवितां गप्प बसून नकार देण्याची रीत पडूं लागली आहे. त्यापेक्षां आमचे ग्रह पुष्कळ सुसंस्कृत होते.

परंतु नाण्याची दुसरी बाजू झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. जी भाषा मन राखण्यासाठीं घडली तीच लोभ झांकण्यासाठींहि उपयोगी पडते. मास्तरकीच्या दिवसांत लिहिणारा-वाचणारा माणूस म्हणून अशा कित्येक बैठकींत यादी लिहावयास आम्हांस बसवीत. तेथें एक वाक्य आम्हीं वारंवार ऐकलें : "आम्हांला कांहीं नको, मुलगी आणि नारळ द्या." कांहीं घरांत हें वाक्य अक्षरशः खरें होतें, आणि अशा व्याह्यांना आम्हीं मनांतून नमस्कार केला. पण कांहीं घरांत त्याच्या पाठोपाठ दुसरें वाक्य येई : "तुमच्या मुलीच्या अंगावर तुम्ही काय घालाल तें घाला, आमचें कांहीं म्हणणें नाहीं." आणि मग तिसरें : "थोरल्या सुनेच्या माहेरच्यांनीं हौसेनें केलें, एवढेंच सांगितलें." तिन्ही वाक्यांत मागणी कोठेंच नाहीं, आणि तरी तिसऱ्या वाक्यानंतर वधूपित्याच्या कपाळावर घाम आलेला आम्हीं पाहिला आहे. म्हणींनीं व नम्रतेनें नटलेली ही आमची काबारीच होती. फक्त तिच्या शेवटीं मेंढराच्या वांट्याऐवजीं भविष्यनिर्वाह निधींतून काढलेलें कर्ज असे.

हुंड्याविरुद्धचा कायदा १९६१ सालीं झाला. त्याच्या व्याख्येंत प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष दिलेलें वा द्यावयाचें कबूल केलेलें, दोन्ही येतें. मागणीच्या गुन्ह्यांतहि 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष' हेच शब्द आहेत, आणि त्यास सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. देणें-घेणें घडलें तर कैद निदान पांच वर्षांची. कायदा करणारांस आपलें वळणाचें बोलणें चांगलेंच ठाऊक होतें असें दिसतें! १९८५ च्या नियमांनीं तर न मागतां दिलेल्या भेटींचीहि लेखी यादी करून तिच्यावर वधूवरांनीं सह्या कराव्या असें सांगितलें आहे. तेव्हां आमचें म्हणणें असें कीं, नम्रता, गौरव, नकार यांसाठीं वळणाची भाषा खुशाल असावी. पैशाच्या बाबतींत मात्र भाषा उघडी असावी. "आम्हांला कांहीं नको" हें वाक्य ज्याला म्हणावयाचें असेल त्यानें तें तेथेंच संपवावें, आणि दोन्हीकडचा खर्च कोणी किती करावयाचा हें आंकड्यांत बोलावें.

दुसरा दोष याहून खोल आहे. मादागास्करच्या ज्या खेड्याचें वर्णन ऑक्स बाईंनीं केलें आहे, तेथें काबारी पुरुषच बोलत. स्त्रिया फार रोखठोक बोलतात, त्यांना वळणें साधत नाहींत, असा तेथें समज होता. आतां तिकडे स्त्रियाहि ही विद्या शिकतात व समारंभांत बोलतात. आपल्या वाङ्निश्चयांत तर दोन पुरुष एकमेकांस शब्द देतात. आणि तो शब्द ज्यांच्याविषयीं असतो त्या दोघांस बोलावयास कांहींच नसतें. वर त्या विधीस हजर नसला तरी विधि अडत नाहीं. वधूनें इंद्राणीची पूजा करावयाची, ओटी घ्यावयाची, वाकून नमस्कार करावयाचा. ज्या काळीं मुली आठव्या वर्षीं बोहल्यावर चढत त्या काळीं हें ठीक दिसलें असेल. आज कायद्यानें वधू अठरा वर्षांची व वर एकवीस वर्षांचा असल्यावांचून विवाह होऊं नये. आमच्या वाचकांच्या घरीं तर मुली पदवी घेऊन, नोकरी करून, पंचविशी ओलांडून मग विवाहाचा विचार करतात. बँकेंत कर्जाच्या कागदावर सही करणारी मुलगी आपल्या वाङ्निश्चयांत मुकी, हें दृश्य आम्हांस विसंगत वाटतें.

यावर कोणी म्हणेल, शास्त्रांत नाहीं तें कसें आणावें? आम्ही त्यांस दोन स्थळें दाखवितों. पहिलें, वर सांगितलेलें सूर्यासूक्त. सवित्यानें सूर्येला पतीस दिली तेव्हां ती मनानें त्यास अनुकूल बोलत होती, असें ऋषीनें स्पष्ट सांगितलें आहे. बोलणें मनांतलें कां होईना, पण तिचें बोलणें नोंदल्यावांचून तिचें दान त्यानें वर्णिलें नाहीं.

दुसरें स्थळ वनपर्वांतील सावित्रीचें. पित्यानें तिला स्वतः वर शोधावयास पाठविलें होतें. तिनें सत्यवानास निवडलें. तो वर्षभरांत मरणार हें नारदांनीं सांगितल्यावर अश्वपति तिला दुसरा वर पाहावयास सांगतो. तेव्हां सावित्री काय म्हणते? वांटणी एकदां होते, कन्या एकदां दिली जाते, 'देतों' असें एकदांच म्हटलें जातें. मनुस्मृतींत जें वचन कन्या देणाऱ्यास बांधण्यासाठीं आलें आहे, तेंच येथें कन्येच्या तोंडीं आहे, आणि तें ती बापालाच ऐकविते! पुढें ती म्हणते कीं, आधीं मनानें निश्चय करावयाचा, मग तो वाणीनें सांगावयाचा, मग कृतीनें करावयाचा. म्हणून माझें मन हेंच मला प्रमाण. वाङ्निश्चय या शब्दाची याहून नेमकी व्याख्या आम्हांस कोणत्याहि निबंधग्रंथांत आढळलेली नाहीं. वाणीचा निश्चय खरा कीं खोटा हें ज्याच्या मनावरून ठरावयाचें, तें मन सावित्रीच्या मतें तिचें स्वतःचें होतें. ज्या सावित्रीच्या नांवानें आमच्या माताभगिनी दर ज्येष्ठी पौर्णिमेस वडाला सूत गुंडाळतात, तिच्या सहनशीलतेच्या कथा आपण पुष्कळ सांगतों. तिच्या या वाक्याची आठवण वाङ्निश्चयाच्या दिवशीं करावयास काय हरकत आहे?

म्हणून आमच्या वाचकभगिनीस आमचें उत्तर असें. संस्कृत भाग वगळूं नये. हवा तर केक वगळावा. विधि सुरू होण्यापूर्वीं गुरुजींस विनंती करावी कीं, प्रत्येक वाक्याचा अर्थ मराठींत, सर्वांस ऐकूं जाईल असा सांगा. चांगले गुरुजी हें आनंदानें करतात. कुलांचीं नांवें घेतांना प्रयोगांत बापाचें, आजोबाचें व पणजोबाचें नांव येतें. त्यानंतर मराठींत आईचें, आजीचें व पणजीचेंहि नांव घ्यावें. पणजीचें नांव घरांत कोणास ठाऊक नाहीं असें आढळलें, तर शोध करावा. तेवढ्यानेंच एक विस्मृत बाई घरांत परत येईल. वधूपित्याच्या अटीचें वाक्य मुद्दाम मोठ्यानें म्हणवावें. आणि दोन्ही वडिलांचे शब्द झाले म्हणजे मुलानें व मुलीनें उभें राहून, आपापल्या शब्दांत, एकेक वाक्य बोलावें : मला हें मान्य आहे, आणि मीं विचार करून मान्य केलें आहे. मुलगी बोलतांना अडखळली तर कोणी पुढचा शब्द सुचवूं नये. तिला वेळ द्यावा. आणि तिचा शब्द आलाच नाहीं, तर त्या दिवशीं साखर वांटूं नये. आंगठीचें माप चुकलें तर सोनाराकडून सुधारून आणतां येतें. बळेंच घेतलेल्या होकारास तशी सोय नाहीं.

या सर्वांस फार तर दहा मिनिटें अधिक लागतील. तीन तासांच्या भाड्यांत तीं सहज बसतात. छायाचित्रकारानें त्या दहा मिनिटांपुरतें आपलें यंत्र खालीं ठेवावें, म्हणजे बोलणारांस व ऐकणारांस एकमेकांचीं मुखें दिसतील.